जमीन आपली, पण तिच्या पोटातले सोने कुणाचे?

जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील स्टिलफाँटेन या गावी एका बंद पडलेल्या सोन्याच्या खाणीतून लोखंडी पिंजऱ्याने माणसे वर काढण्यात आली. तीन दिवसांत २४६ माणसे जिवंत निघाली आणि ७८ मृतदेह निघाले. त्या खाणीतले एकूण मृत्यू ८७ झाले. ऑगस्ट २०२४ पासून पोलिसांनी खाणीच्या तोंडाशी पहारा बसवला होता आणि खाली जाणारे अन्नपाणी रोखले होते. उपाशी माणसे आपोआप वर येतील, असा हिशेब होता. दीड हजारांहून अधिक माणसे वर आलीही आणि थेट कोठडीत गेली. उरलेली सुमारे दोन किलोमीटर खोल अंधारात राहिली. मध्यंतरी कोर्टाच्या हुकुमाने थोडेफार अन्न खाली गेले, आणि शेवटी सुटकेचे कामही कोर्टाच्या हुकुमानेच झाले.

ही माणसे कोण? तिथे त्यांना 'झामा झामा' म्हणतात. झुलू भाषेतला हा शब्द. अर्थ साधारण 'नशीब अजमावून पाहणारे'. लेसोथो, मोझांबिक, झिंबाब्वे इथून आलेले गरीब मजूर, आणि खाणी बंद पडल्यावर बेकार झालेले जुने कामगार. त्यांच्यामागे हत्यारबंद टोळ्या असतात आणि टोळ्यांच्या मागे सोने विकत घेणारे व्यापारी. मेले ते खाली उतरलेले. खरेदी करणारा कुणी त्या पिंजऱ्यात नव्हता.

आमच्या व्यापार-पानावर ही बातमी कशाला, असे कुणी विचारील. आमच्या मते ती आपल्याच दुकानाची बातमी आहे. आपल्यापैकी अनेकांचा धंदा सोन्याशी बांधलेला आहे. झवेरी बाजाराच्या माड्यांवर दागिने घडवणारे कारागीर आहेत, आटणी करणारे आहेत, सोनारांच्या दुकानातली धूळ धुऊन कण वेचणारे झारेकरी तर पिढ्यान्पिढ्या आपलेच. आणि ज्यांचा सोन्याशी संबंध नाही त्यांच्याकडे कोकणात जमिनी आहेत, चिऱ्याच्या खाणी आहेत. दोघांनाही एकच प्रश्न लागू पडतो : जमिनीखालचा माल कुणाचा?

दक्षिण आफ्रिकेचा कायदा काय सांगतो

१८८६ साली विटवॉटर्सरँडला सोने सापडले आणि त्यातून जोहान्सबर्ग शहर उभे राहिले. त्या काळापासून तिथला नियम असा की जमिनीचा मालक तोच तिच्याखालच्या खनिजाचा मालक. जमीन स्वतःकडे ठेवून खनिजाचा हक्क वेगळा विकताही येई. वरवर पाहता नियम न्यायाचा वाटतो. पण जमीन होती कुणाकडे? १९१३ च्या कायद्याने काळ्या बहुसंख्य प्रजेला देशाच्या सुमारे सात टक्के जमिनीत कोंडले. मग जमिनीखालचे सोने कुणाचे, याचे उत्तर वेगळे शोधायला नको.

आपल्या व्यापाऱ्यांनाही याचा चटका बसला होता. ट्रान्सवालमध्ये गुजरातेतून गेलेले मेमण आणि सुरती व्यापारी होते. केपटाऊनकडे रत्नागिरी, कुलाब्याची कोकणी माणसे स्थायिक झाली. १८८५ च्या ट्रान्सवालच्या कायद्याने आशियाई माणसाला जमीनजुमला घेण्याची बंदी होती. पुढे १९०८ च्या सुवर्ण कायद्याने सोन्याच्या जाहीर पट्ट्यात गोरे नसलेल्यांनी राहण्यावर आणि जागा धरण्यावर बंदी आणली. म्हणजे खाली सोने आहे म्हणून वरचे दुकानही बेकायदा! बेकायदा हा शब्द कायदा करणाराच ठरवतो, हे आपल्या वडिलधाऱ्यांनी तिथे पाहिले आहे.

वर्णभेदाचे राज्य गेल्यावर २००२ साली नवा खनिज कायदा झाला आणि १ मे २००४ पासून तो लागू झाला. त्याने सांगितले की खनिजे हा साऱ्या जनतेचा सामाईक वारसा असून सरकार त्याचे राखणदार आहे. जमीनमालकांची संघटना कोर्टात गेली. आमची मालमत्ता काढून घेतली, भरपाई द्या, अशी तिची मागणी होती. २०१३ च्या एप्रिलमध्ये तिथल्या घटना-न्यायालयाने ती फेटाळली. सरकारने मालमत्ता स्वतःच्या खिशात घातलेली नाही, फक्त राखण पत्करली आहे, असा त्याचा मथितार्थ.

आपल्याकडे काय स्थिती

योगायोग असा की त्याच वर्षी, ८ जुलै २०१३ रोजी, आपल्या सुप्रीम कोर्टाने जवळजवळ उलट दिशेने निकाल दिला. मलबारातील जन्मी जमिनीच्या मालकांचे ते प्रकरण होते. कोर्टाने म्हटले की एखाद्या वैध मार्गाने मालकाचा हक्क काढून घेतलेला नसेल तर जमिनीखालचे खनिजही सर्वसाधारणपणे जमीनमालकाचेच असते.

हा निकाल ऐकून कोकणातल्या आपल्या बांधवांनी लगेच कुदळ उचलू नये. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४८ ने जमिनीवरच्या आणि जमिनीखालच्या खनिजांचा हक्क राज्य सरकारकडे राखून ठेवला आहे. सातबाऱ्यावर आपले नाव असले म्हणजे खालचा चिराही आपला, असे होत नाही. परवान्याशिवाय चिरा, मुरूम, वाळू काढली तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि वाहन जप्त होते ते वेगळेच. शिवाय मालकी कुणाचीही असो, परवान्याशिवाय खाणकाम करण्याची मुभा मलबारच्या निकालानेही कुणाला दिलेली नाही. म्हणून खाणीसाठी जमीन देणाऱ्याने, आणि दुसऱ्याच्या खाणीतून माल उचलणाऱ्या ठेकेदारानेही, आधी परवाना आणि स्वामित्वधन भरल्याची पावती पाहावी, मगच सौदा करावा.

शरीअतचा कौल

हा प्रश्न आपल्या फुकहांनीही फार पूर्वी चर्चिला आहे. इमाम मालिक यांच्या मजहबात खाणीचा कारभार इमामाकडे, म्हणजे राज्यकर्त्याकडे, मग ती खाजगी जमिनीत का असेना. हनफी आणि शाफई मजहबांत मालकाच्या जमिनीत दडलेल्या धातूवर मालकाचा हक्क मान्य आहे. मात्र हनफी त्यातून पाचवा हिस्सा काढायला सांगतात आणि शाफई चाळिसावा. मतभेद आहेत, पण खाण लागली म्हणजे सारेच एकट्याचे झाले, असे म्हणणारे कुणी नाही.

आम्हाला या बाबतीत सगळ्यांत बोलकी वाटते ती अब्यद बिन हम्माल (रजि.) यांची हकीकत. त्यांनी यमनमधील मआरिबचे मिठागर मागितले आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ते देऊन टाकले. इतक्यात कुणी लक्षात आणून दिले की ते मीठ तर वाहत्या पाण्यासारखे अखंड मिळणारे आहे. तेव्हा दिलेले परत घेण्यात आले. जे सर्वांच्या गरजेचे आणि सहज हाताशी असलेले, ते एकाच्या नावे करून देता येत नाही, हा त्यातला धडा.

यावरून आमचे मत असे बनले आहे की खनिज सरकारकडे असण्याचे तत्त्व चुकीचे नाही. दक्षिण आफ्रिकेत तर ते जुना अन्याय पुसण्यासाठीच आले. पण राखणदार म्हणवून घेणाऱ्यावर अमानतदाराची जबाबदारी येते. सोन्याच्या उत्पादनात एके काळी जगात पहिला असलेला तो देश १९७० साली सुमारे हजार टन सोने काढत होता. आता शंभर टनांच्या आसपास काढतो. मोठ्या कंपन्या नफा घेऊन निघून गेल्या आणि मागे सुमारे सहा हजार बेवारस खाणी उरल्या. त्या बुजवायच्या कुणी? लहान माणसासाठी पाच हेक्टरपर्यंतचा परवाना कायद्यात आहे, पण पर्यावरणाची मंजुरी, अनामत रक्कम, वकील हे सारे त्या मजुराला कुठून परवडणार? २०२२ साली सरकारने लहान खाणकामगारांसाठी धोरण जाहीर केले, आणि पुढच्या दोन वर्षांत दार उघडण्याऐवजी खाणीच्या तोंडाशी पहारा बसला. टोळ्यांना पकडावे, शिक्षा करावी. त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण माणूस गुन्हेगार असला तरी त्याला उपाशी मारण्याचा हक्क कुठल्याही सरकारला नाही. अमानत राखणे म्हणजे कुलूप लावून बसणे नव्हे.

आणि आपला हिशेब

सरकारला चार शब्द सुनावणे सोपे. आपल्या गल्ल्याकडे पाहणे कठीण. स्विसएड या संस्थेच्या २०२४ मधील अहवालानुसार २०२२ या एका वर्षात आफ्रिकेतून किमान ४३५ टन सोने नोंदीशिवाय बाहेर पडले आणि त्यातले ४०५ टन संयुक्त अरब अमिरातीत उतरले. दुबईच्या बाजाराशी आपला संबंध किती जवळचा, हे आम्ही वाचकांना सांगायला नको. भारत वर्षाला साधारण सातशे-आठशे टन सोने बाहेरून आणतो. कोलारची खाण २००१ साली बंद झाली. देशातले उत्पादन आता दीड-दोन टनांच्या पुढे जात नाही. म्हणजे आपल्या मुशीत वितळते ते जवळजवळ सगळे सोने परक्या मातीतले.

सोन्याचा स्वभावच असा की एकदा आटले की त्याला मागचे काही आठवत नाही. चोरीचे, हक्काचे, आईच्या पाटल्यांचे, सारे एकाच लगडीत. १६ जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना दुकानदाराला विकता येत नाही. हे चांगलेच झाले. पण हॉलमार्क सोन्याचा कस सांगतो. ते कुणाचे होते आणि कुणाच्या घामाचे, हे सांगत नाही.

ते विचारणे आपल्यावर उरते. चार पैसे कमी भावाने, बिनपावतीची लगड कुणी आणून दाखवली तर भाव कमी का, हे विचारणारे आपल्यात किती आहेत? चोरीचा माल आहे हे ठाऊक असताना विकत घेणारा गुन्ह्यात भागीदार होतो, हे आपण मदरशात शिकलो. ठाऊक होऊ नये म्हणून न विचारणे ही पळवाट आहे, आणि ती आपल्या बाजारात फार वापरात आहे.

लहान कारागिराची अडचण आम्ही जाणतो. माल शेठचा, त्याला फक्त मजुरी मिळते. तो विचारणार कुणाला? म्हणून पहिली जबाबदारी शेठची आणि आटणीवाल्याची. प्रत्येक लगडीमागे बिल असावे, मोड घेताना ग्राहकाचे नाव-पत्ता लिहून घ्यावा, आणि बाजारातल्या आपल्या संघटनांनी बिनपावतीचा माल घ्यायचा नाही असा ठराव करून तो पाळावा. थोडे नुकसान होईल. पण धाड पडल्यावर होणारे नुकसान त्याहून मोठे असते, आणि आखिरतचा हिशेब त्याहूनही.

जकात काढताना आपण सोने तोळ्यामाशाने तोलतो, निसाब पाहतो, चाळिसावा हिस्सा बाजूला काढतो. तो हिस्सा ज्या मालातून निघतो तो कुठून आला, हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. स्टिलफाँटेनच्या पिंजऱ्यातून वर आलेली ७८ प्रेते पाहिल्यावर तरी तो आपण टाळू नये. अल्लाह आपल्याला विचारण्याची हिंमत देवो.