गावच्या पोस्टमनची 'पाच तासांची' नोकरी: ग्रामीण डाक सेवक आठ तास काम का मागतायत?

गावात सगळे ज्याला पोस्टमन म्हणतात, तो कागदोपत्री बहुतेकदा पोस्टमन नसतोच. तो असतो ग्रामीण डाक सेवक. देशभरात असे अडीच लाखांच्या आसपास लोक आहेत आणि नियमानुसार त्यांचं काम दिवसाला जास्तीत जास्त पाच तासांचं. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी संप केला, तेव्हा त्यांची एक मागणी बाहेरच्या माणसाला चक्रावून टाकणारी होती: आम्हाला आठ तास काम द्या.

जास्त काम कोण मागतं? उत्तर त्यांच्या मोबदल्यात आहे. त्याला पगार म्हणत नाहीत. तो कामाच्या तासांशी जोडलेला भत्ता आहे. कमलेश चंद्र समितीच्या शिफारशींनंतर जून २०१८ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने चार तास आणि पाच तास असे दोनच टप्पे ठेवले. शाखा डाकपालाला किमान १२,००० किंवा १४,५०० रुपये, सहायक शाखा डाकपाल आणि डाक सेवकाला १०,००० किंवा १२,०००. वर महागाई भत्ता. म्हणजे तास कसे मोजले जातात, यावरच घर चालतं.

आणि अडचण नेमकी तिथेच आहे. टपालाची थैली उपडाकघरातून येते. तिला उशीर झाला की पुढचं सगळं लांबतं. थैली आली की नोंदी, मग वाटप. वाडी-वस्त्या लांब असतील तर दोन-चार पत्रांसाठीही तेवढंच अंतर कापावं लागतं. शिवाय बचत खाती, ग्रामीण डाक जीवन विमा आणि २०१८ पासून इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी आधारशी जोडलेलं खातं हवं म्हणून बायकांनी पोस्टात रांगा लावल्या, त्या आठवत असतील. अंगठ्याचा ठसा जुळत नाही, रेंज जाते, पुन्हा प्रयत्न करायचा. यातली वाट पाहण्याची वेळ कुठे धरायची?

त्यात शाखा डाकपालाने डाकघरासाठी जागा स्वतःच द्यायची असते. घरातच पोस्ट असेल तर दुपारी वेळ संपल्यावर दार वाजवणाऱ्या आजींना 'उद्या या' म्हणणं सोपं नाही.

सरकारचा युक्तिवादही समजून घ्यायला हवा. ही व्यवस्था अर्धवेळ आहे, लहान गावात दिवसभराचं टपाल नसतं आणि सेवकाकडे उपजीविकेचं दुसरं साधन असणं अपेक्षित आहे. कागदावर हे पटतं. पण दुसरं काम करायला मोकळा वेळ ठरलेला लागतो. थैली आज अकराला आणि उद्या एकला येणार असेल, तर शेतावर मजूर कधी बोलवायचे किंवा दुकान कधी उघडायचं?

त्यामुळे मला सरसकट आठ तासांपेक्षा आधीची पायरी महत्त्वाची वाटते: थैलीची वाट पाहणं, प्रवास आणि बँकेचं काम हे सगळं कामाच्या वेळेत धरणं. जिथे ते आठ तास भरेल, तिथे पूर्णवेळ पद. जिथे नाही भरणार, तिथे निदान सुटण्याची वेळ पक्की.

डाक सेवकांचं पद हे 'नागरी पद' असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच म्हटलं होतं. तरीही सातव्या वेतन आयोगात त्यांना जागा मिळाली नाही, वेगळी समिती नेमली गेली. तिचा अहवाल नोव्हेंबर २०१६ मध्ये आला. तो लागू व्हायला २०१८ उजाडलं, आणि तेही मे महिन्यात सुरू झालेल्या दोन आठवड्यांहून लांब संपानंतर. आता आठव्या आयोगाची चर्चा सुरू असताना त्यांना याच वेळी आत घ्या, असा संघटनांचा आग्रह आहे.