झाडणाऱ्यांची नोंद

घरोघरी दिवाळीची झाडझूड चालू असते तेव्हा हा अंक वाचकांच्या हाती पडतो. यंदाचा विशेष विभाग आम्ही सफाई करणाऱ्या माणसांना दिला आहे. तो आखताना एक दूरचे बेट सतत डोळ्यांसमोर होते.

प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांमध्ये एनिवेटॉक हे प्रवाळबेटांचे कडे आहे. डिसेंबर 1947 मध्ये अमेरिकेने तिथल्या लोकांना उजेलांगला हलवले आणि 1948 ते 1958 या काळात तिथे 43 अणुचाचण्या केल्या. 1952 च्या हायड्रोजन स्फोटात एलुगेलाब हे अख्खे बेट नाहीसे झाले. 1958 च्या ऑगस्टमध्ये रुनित बेटावरचा एक बॉम्ब फसला. अणुस्फोट झालाच नाही, पण आतले प्लुटोनियम बेटावर विखुरले.

मूळ रहिवाशांना घरी परतायचे होते. 1977 ते 1980 या काळात अमेरिकी सरकारने सफाईला हजारो सैनिक पाठवले. खर्च वाचावा म्हणून ठेकेदारांऐवजी फौजेचेच हात वापरले. विशी-पंचविशीची ही मुले झाडोरा तोडत, मातीचा वरचा थर खरवडत, ती माती बोटींनी रुनितला नेत आणि सिमेंटमध्ये कालवून एका स्फोटाने पडलेल्या शंभरेक मीटर रुंद खड्ड्यात ओतत. खड्ड्याच्या तळाला अस्तर घातलेच नाही. वरून 358 काँक्रीटच्या तुकड्यांचा घुमट बसवला. आत सुमारे 73,000 घनमीटर दूषित माती आणि मोडतोड आहे. प्लुटोनियम-239 चे अर्धायुष्य 24,100 वर्षांचे.

त्या काळची छायाचित्रे पाहवत नाहीत. उन्हाने रापलेली उघडी अंगे, अर्ध्या चड्ड्या, डोक्याला टोपी. प्लुटोनियमचे अल्फा किरण कातडीतून आत शिरत नाहीत. धोका धुळीचा असतो, कारण श्वासाबरोबर गेलेला कण फुप्फुसात ठाण मांडून बसतो. छातीवरचा किरणमापक बिल्ला बाहेरून येणारे किरण मोजतो. आत गेलेली धूळ त्याला कळतच नाही. सैनिकांना मिळालेली मात्रा अल्प होती, असे सरकार सांगत राहिले. परत आलेले सैनिक मात्र कर्करोगाच्या, ठिसूळ झालेल्या हाडांच्या तक्रारी घेऊन दारोदार फिरत राहिले.

आम्हाला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती कायद्याची गोष्ट. 1988 मध्ये अमेरिकेने किरणबाधित सैनिकांसाठी भरपाईचा कायदा केला. त्यात चाचण्यांच्या वेळी हजर असलेले सैनिक आले. त्याच चाचण्यांची घाण वीस वर्षांनी उपसणारे आले नाहीत. बॉम्ब फोडणे हे राष्ट्रकार्य, आणि त्याची राख भरणे ही नुसती मजुरी? अखेर ऑगस्ट 2022 मध्ये नव्या कायद्याने त्यांना किरणबाधित मानले. तोवर विशीतली ती मुले साठी ओलांडून गेली होती आणि कित्येक जण हयात नव्हते. उशिरा का होईना न्याय झाला, असे म्हणायला आमची जीभ रेटत नाही.

बेटवासीय 1980 मध्ये परतले, पण रुनितवर राहायला आजही मनाई आहे.

विशेष विभागाच्या लेखकांना आम्ही एवढेच सांगितले होते: माणसाने काय साफ केले ते विचारा, आणि ते करताना त्याच्या अंगात काय गेले, याची नोंद कुणाच्या दप्तरात आहे, तेही विचारा.