सुताराकडे ‘अनडू’ नसतं!

अंधेरीला फास्ट लोकल पकडली, नशिबाने सीट मिळाली, की हात आपोआप मोबाइलकडे जातो. पिंटरेस्टवर एकेक झक्कास घर! पांढरे पडदे, लाकडी फ्लोअरिंग, खिडकीत मोठ्ठं झाड... सेव्ह, सेव्ह, सेव्ह! बोरिवली येईपर्यंत बोर्डवर पन्नास फोटो जमलेले. आणि आपलं घर? वन बीएचके. खिडकीबाहेर समोरच्या विंगचे वाळत घातलेले कपडे.

मूड बोर्ड हा इंटिरिअरवाल्यांचा जुना फंडा. पूर्वी पुठ्ठ्यावर कापडाचे तुकडे, लॅमिनेटचे नमुने, मासिकांतली कात्रणं चिकटवायचे. २०१० मध्ये पिंटरेस्ट आलं, २०१३ मध्ये कॅनव्हा, आणि हे काम आपल्यालाही घरबसल्या जमायला लागलं. घोळ एकच होतो. बोर्डवर आपण दुसऱ्याचं घर लावतो, आपलं नाही!

आधी टेप, मग टेस्ट

बोर्डवर पहिला फोटो आपल्याच खोलीचा लावा. एक सकाळचा, एक रात्री ट्यूब लावून काढलेला. पावसाळ्यात ओल धरणारा कोपरा मुळीच लपवू नका. तिथे वॉलपेपर नंतर, आधी वॉटरप्रूफिंग!

मग मापं. अॅग्रीमेंटमधल्या आकड्यावर विसंबू नका. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार कार्पेट एरियामध्ये घरातल्या आतल्या भिंतींची जाडीही धरतात. त्या जाडीत कपाट थोडंच बसणार आहे? तेव्हा टेप घ्या आणि प्रत्येक भिंत, खिडकी, दार, प्लगपॉइंट स्वतः मोजा.

ऑफिसात रोज पीपीटी करताच ना? मग तीच वापरा. एक फूट म्हणजे स्लाइडवर एक सेंटिमीटर. समजा, बेडरूम १० बाय १२ ची आहे. क्वीन साइज बेड साडेसहा फूट लांब, समोर दोन फूट खोल कपाट. दहा फुटांतले साडेआठ तिथेच संपले! उरलेल्या दीड फुटात कपाटाचं दोन फुटी दार उघडणार कसं? म्हणजे एकतर स्लायडिंग दार, नाहीतर कपाट दुसऱ्या भिंतीला. हे स्लाइडवर पाच मिनिटांत कळतं, आणि तेही फुकटात.

रंगाला भुलू नका

नाइट मोड ऑन असेल तर मोबाइलवर पांढराही पिवळट दिसतो. त्यामुळे शेड आवडली की छोटा डबा आणा आणि भिंतीवर दोन बाय दोन फुटांचा चौकोन रंगवा. दिवसा बघा, रात्री बघा. ३००० केल्विनच्या पिवळसर बल्बखाली आणि ६५०० केल्विनच्या पांढऱ्या उजेडात एकच ग्रे दोन वेगळे रंग वाटतात. बल्ब कुठला लावणार, तेही बोर्डवर लिहून ठेवा.

प्रत्येक फोटोखाली तीन ओळी

माप, किंमत, आणि जिन्यातून किंवा लिफ्टमधून वर जाईल का! मुलुंड-घाटकोपरच्या जुन्या बिल्डिंगांत तिसरा प्रश्नच महत्त्वाचा. वस्तू तुर्भ्याला डिसेंबर २०२० मध्ये उघडलेल्या आयकियातली असो, नाहीतर ओशिवऱ्याच्या फर्निचर मार्केटमधली, बोर्डच्या तळाशी बेरीज हवीच. होमलोनचा हप्ता चालू असताना ‘थोडंसं जास्त गेलं’ परवडत नाही, बॉस!

बोर्ड कोणाचा?

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लिंक घरातल्या सगळ्यांना पाठवा. आईचं देवघर, बाबांची आरामखुर्ची, कोपऱ्यातलं शिलाई मशीन... हे बोर्डवर नसेल, तर ते प्लॅनमध्येही नाही. आपला ‘मिनिमल लुक’ म्हणजे बरेचदा आई-बाबांचं सामान माळ्यावर! चाळीतल्या एका खोलीतून या फ्लॅटपर्यंत संसार आणलेल्या माणसांना स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखं वाटायला नको. म्हणून त्यांच्या वस्तूही मापासकट मांडा. देवघराला दोन फूट हवेत का तीन, हे आईलाच विचारा. आज स्लाइडवर वाद झाला तर चौकोन इकडचा तिकडे सरकवता येतो. फर्निचर लागल्यावर मात्र फक्त तोंडं फिरवली जातात.

आठ बाय चारचा प्लाय एकदा कापला की कापला. पीपीटीत कंट्रोल-झेड आहे, सुताराच्या करवतीला नाही. त्यामुळे अॅडव्हान्स देण्याआधी शेवटच्या स्लाइडवर घरातल्या प्रत्येकाचा होकार घ्या.

तर या वीकेंडला मॉल राहू दे, आधी टेप शोधा. बहुतेक बाबांच्या हत्यारांच्या डब्यातच सापडेल!