आपल्यातच कसले पैसे?

गेल्या मे महिन्यात ताईचा चार वर्षांचा मुलगा साताऱ्याहून सांगलीला मामीकडे आला होता. बालवाडीला सुट्टी, ताई-भाऊजी दोघंही नोकरीवर. पंधरा दिवसांचा प्रश्न मामीने एका फोनवर सोडवला.

एका दुपारी मामी शिलाई मशिनवर बसली असताना पोराने तिचा मोबाईल जिन्यावरून खाली भिरकावला. डिस्प्ले गेला. मामी ब्लाउज शिवते. गिऱ्हाइकं गळ्याची डिझाइनं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. दुरुस्तीला साडेतीन हजार लागले. म्हणजे दहा ब्लाउजांची शिलाई.

ताई म्हणाली, "लहान आहे गं, त्याला काय कळतंय!" मामी म्हणाली, "असू दे की, आपलाच हाय त्यो." विषय संपला. मी तिथेच होतो आणि मीही हसलो.

आता हसू येत नाही.

पोराला कळत नाही, हे खरंच. भारतीय न्याय संहितेच्या कलम 20 नुसार सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हाच ठरत नाही. पण पोर निर्दोष आहे म्हणून मोबाईल आपोआप जोडला जात नाही. दोष कुणाचा नसला तरी खर्च कुणाचातरी असतोच.

"पण लक्ष तर मामीचं हवं होतं ना?" हा पुढचा मुद्दा. जर्मनीत नुकसान करणारं मूल सात वर्षांखालचं असेल तर भरपाई त्याच्याकडून मागता येत नाही. देखरेख करणाऱ्याने हयगय केली असेल तर त्याला भरावी लागते. म्हणून तिथे अनेक घरं अशा नुकसानीचा विमाच उतरवून ठेवतात. आपल्याकडे विमा नाही, मामी आहे. राखायचं तिनेच, फुटायचं तिचंच, आणि वर हयगयही तिचीच!

ताईलाही हे काम कुणाच्यातरी गळ्यात घालावंच लागतं. 2017 च्या दुरुस्तीने 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. ताईच्या ऑफिसात माणसं बारा. खासगी पाळणाघराला पैसे मोजावे लागतात. ते पंधरा दिवसांचे पैसे वाचले, ते मामीमुळे. म्हणजे ताईवर मामीचे आधीच देणे होते. मोबाईल त्यावर चढला.

दिवाळीत ताईने मामीला साडी घेतली. साडी सुंदर होती. पण दुकानदार डिस्प्लेच्या बदल्यात साडी घेत नाही. नात्यात हिशेब नको म्हणणाऱ्यांच्या घरात हिशेब असतोच, फक्त तो एकाच बाजूच्या वहीत लिहिलेला असतो. ती वही बहुतेक वेळा एखाद्या मामीची, आत्याची, आजीची असते.

म्हणून सरळ नियम: फुकट सांभाळणाऱ्याचं फुटलं तर ज्यांचं मूल, त्यांनी भरायचं. तुमच्या घरी आजी सांभाळत असताना तुमचा टीव्ही फुटला, तरी आजीकडे बोट दाखवायचं नाही. एकदम जमत नसेल तर हप्त्याने द्या, पण तसं स्वतःहून बोला. मागायची वेळ तिच्यावर आणू नका, कारण ती मागणार नाही. त्याच भरवशावर तर आपण सगळे गप्प बसतो.

आणि "किती झाले?" असं मामीला विचारू नका. ती "काय नाय" म्हणेल. दुकानदाराला विचारा.