आवाज कुणाचा?

गॅदरिंग असो नाहीतर एकांकिका स्पर्धा, कुणीतरी "अरे, आवाज कुणाचा?" अशी आरोळी ठोकतो आणि आपण सगळे घसा फुटेपर्यंत उत्तर देतो. आमच्या घरात मात्र हा प्रश्न सहा वर्षं वेगळ्याच अर्थानं पडून होता. आणि मित्रांनो, त्याचं उत्तर देण्यात मी, म्हणजे ई अँड टीसीच्या थर्ड इयरला बसलेली एक भावी इंजिनिअर, सपशेल नापास झाले होते. ही त्या केटीची गोष्ट आहे. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पदरात घ्या!)

माझे आजोबा ओझरच्या एचएएलमध्ये फिटर होते. १९८१ साली बोनसच्या पैशातून त्यांनी रेकॉर्ड प्लेअर, अँप्लिफायर आणि स्पीकरची जोडी घेतली. गुडघ्याएवढी दोन लाकडी खोकी, प्रत्येकात एक आठ इंची वूफर आणि वर छोटासा ट्वीटर. १९९१ च्या आधी बाहेरचा माल आणायचा म्हणजे केवढी ड्यूटी, केवढे नियम! त्यामुळे आपल्याकडच्या हौशी लोकांची भिस्त कॉस्मिक, सोनोडाइन, फिलिप्स, बुश अशा नावांवर असायची. आमच्या स्पीकरवरची नावाची पट्टी कधीच पडून गेली, त्यामुळे कंपनी कुठली हा आमच्याकडे दर दिवाळीला होणारा वाद आहे.

२०१९ च्या दिवाळीआधी घराला रंग दिला. सगळं सामान हलवलं, वायरी काढल्या, परत लावल्या. त्यानंतर आजोबा म्हणायला लागले, "आवाज समोर येत नाही. पूर्वी गाणारा माणूस खोलीच्या मध्ये बसायचा. आता तो भिंतीत शिरलाय." आम्ही काय केलं? त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. वय झालं, ऐकायला कमी येतंय, मशीन घ्या. मशीन आलं. आजोबा तरी म्हणायचे, माणूस भिंतीतच आहे. आम्ही एकमेकांकडे बघून हसायचो. हळूहळू त्यांनी रेकॉर्ड लावणंच सोडलं. स्पीकरवर फुलदाणी आली.

गेल्या वर्षी बाबा म्हणाले, हे खोके काढू आणि साउंडबार घेऊ. माझ्यातली इंजिनिअर जागी झाली. म्हटलं, थांबा, आपण अपग्रेड करू! माझं अपग्रेड म्हणजे काय, तर आवाज दबलेला वाटतोय म्हणून डाव्या बाजूचा खोका स्कूटीवर मांडीत घेऊन मैत्रिणीबरोबर एका दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "हा जुना झाला. दोनशे वॅटचा टाकून देतो, घर हलेल." त्यानं गाडीतला चार ओमचा स्पीकर बसवला आणि नशीब, जुना वूफर पिशवीत घालून परत दिला. घर हललं नाही. बेस नुसता घुमायला लागला, शब्द कळेनात, आणि अर्ध्या तासात अँप्लिफायर इतका तापला की वर चहा ठेवला असता तर गरम राहिला असता.

आता बघा, यातलं काय मला माहीत नव्हतं? ओहमचा नियम आपण शाळेतच शिकतो. आठ ओमच्या जागी चार ओम लावले तर तेवढ्याच व्होल्टेजला करंट दुप्पट जाणार, तापणारच. वूफर आणि खोका ही जोडी असते, हेसुद्धा पुस्तकात आहे. नेव्हिल थील यांनी १९६१ साली ऑस्ट्रेलियात आणि पुढे सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी याचं गणितच मांडून ठेवलंय. कोन किती जड, त्याची स्प्रिंग किती कडक, तो नैसर्गिकपणे किती हर्ट्झला डोलतो, त्यावरून खोक्यात किती लिटर हवा पाहिजे हे ठरतं. एका खोक्यातला वूफर काढून भलताच बसवणं म्हणजे तंबोऱ्याच्या भोपळ्यावर गिटारच्या तारा चढवण्यासारखं आहे. आणि 'दोनशे वॅट' हे काय प्रकरण आहे? पॉवर दुप्पट केली तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला १० डेसिबल लागतात, म्हणजे दसपट पॉवर! हे सगळं मी परीक्षेत लिहून मार्क घेतलेत. पण दुकानात उभी असताना त्यातलं एक अक्षर आठवलं नाही.

शेवटी कुणीतरी नाशिकरोडच्या एका काकांचं नाव सांगितलं. गणपतीच्या सीझनला मंडळांचे फाटलेले स्पीकर भरून देतात. त्यांनी जुना वूफर हातात घेतला, दोन्ही अंगठ्यांनी कोन हळूच आत दाबला आणि कानाजवळ नेला. खरखर नाही, म्हणजे कॉइल घासत नाही. मल्टिमीटर लावला, सव्वासहा ओम. (आठ ओमचा स्पीकर डीसीला साधारण साडेपाच ते सात दाखवतो, तेव्हा घाबरू नका.) मग कोनाच्या कडेवरून बोट फिरवलं. आमच्याकडे कडा कापडाची आहे म्हणून टिकली. ज्यांच्या वूफरला फोमची कडा आहे त्यांनी आजच जाऊन बोट लावून बघा. दमट हवेनं तो फोम दहा-वीस वर्षांत आतून कुजतो आणि बोट लावलं की त्याचा जुन्या गादीसारखा भुगा होतो. पण म्हणून स्पीकर मेला असं नाही, नुसती कडा बदलता येते. काका डस्ट कॅप काढून कॉइलच्या भोवती जुन्या फोटोच्या निगेटिव्हच्या पट्ट्या खोचतात, म्हणजे कॉइल बरोबर मध्ये राहते, मग नवी कडा चिकटवतात आणि गोंद वाळला की पट्ट्या ओढून काढतात. या फिटिंगला कुठल्या लॅबमध्ये जर्नल आहे?

वूफर परत बसवून देताना काका म्हणाले, "ताई, याला काहीच झालेलं नव्हतं. बदललं कशाला? आधी ऐकायचं, मग मोजायचं, मग बदलायचं." पैसे घेतले चहापुरते. मला वाटतं सहा सेमिस्टरमध्ये मी ऐकलेलं सगळ्यात उपयोगी लेक्चर हेच.

घरी येऊन ऐकायला बसले. पहिली युक्ती अगदी सोपी आहे. अँप्लिफायर बंद करून त्याच्या मागच्या डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी अदलाबदल करायच्या. दोष दुसऱ्या बाजूला गेला तर तो अँप्लिफायरमध्ये किंवा त्याच्या मागे. दोष त्याच खोक्यात राहिला तर खोक्यात नाहीतर त्याच्या वायरीत. दुसरी युक्ती म्हणजे अँप्लिफायरवरचं 'मोनो' बटण दाबायचं. जोडी सारखी असेल तर आवाज दोन्हींच्या बरोबर मधून आला पाहिजे. आमचा कुठूनच येईना. डोक्यात काहीतरी पेटलं. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घेतला, अँप्लिफायरच्या बाजूची वायरीची टोकं मोकळी केली आणि त्यांना सेल क्षणभर टेकवला. लाल टोक प्लसला. डावा कोन बाहेर आला. उजवा कोन आत गेला!

म्हणजे २०१९ साली रंग दिल्यावर वायरी परत लावताना उजव्या खोक्याच्या वायरी उलट्या लागल्या होत्या. एक कोन हवा पुढे ढकलतोय, दुसरा त्याच वेळी मागे ओढतोय. बेस एकमेकांना खाऊन टाकतो आणि मधला गायक गायब होतो. माणूस खरंच भिंतीत शिरला होता. आजोबांचं निदान अचूक होतं, आणि आम्ही त्यांच्या कानात मशीन बसवलं होतं.

वायर सरळ केली. तरी 'स', 'श' हे फक्त डाव्या बाजूनंच येत होते. खोक्याच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावला तर दोन्हीकडे सव्वासहा. (ओरलला विचारण्यासारखा प्रश्न: ट्वीटर जळाला तर तो टर्मिनलवर कळेल का? नाही! मध्ये कपॅसिटर असतो, डीसी पुढे जातच नाही. मीटरला दिसतो तो फक्त वूफर.) म्हणून खोका उघडला. ट्वीटर ठणठणीत होता. मग ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर कॉलेजच्या एलसीआर मीटरवर नेला, तो निघाला २.९. आता सूत्र टाका. आठ ओमला ४.७ चा कपॅसिटर साधारण ४.२ किलोहर्ट्झपासून ट्वीटरला कामाला लावतो. २.९ झाला की ट्वीटर जागा होतो जवळजवळ ६.९ किलोहर्ट्झला. मधल्या भागाचा कुणी वालीच नाही! चाळीस वर्षांचा इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर आतून सुकतो, यात त्याचा दोष नाही. पंचवटी एक्स्प्रेस पकडून लॅमिंग्टन रोडवरून बायपोलर जातीचे दोन कपॅसिटर आणले. दोन्ही खोक्यांत बदलले, कारण जोडी सारखी राहायला हवी. साधा प्लस-मायनसवाला टाकू नका, स्पीकरमधून एसी जातो. खूप भारी फिल्मचा टाकायची हौस असेल तर टाका, पण जुन्या कपॅसिटरचा स्वतःचा थोडा रेझिस्टन्स मूळ हिशेबात धरलेला असू शकतो. तो गेला की ट्वीटर कर्कश होऊ शकतो, मग अर्ध्या-एक ओमचा रेझिस्टर मागे लावावा लागतो. अजून दोन सूचना. अँप्लिफायर उघडू नका, प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. आणि वूफरचे स्क्रू काढताना मॅग्नेट स्क्रूड्रायव्हर खेचून घेतो आणि कोन फाटतो, तेव्हा दुसरा हात मध्ये धरा.

आता मुद्द्यावर येते. माझं मत असं आहे की 'अपग्रेड' हा आपल्या पिढीचा सगळ्यात आळशी शब्द आहे. काय बिघडलंय ते शोधायचा कंटाळा आला की आपण अपग्रेड म्हणतो. मोबाइल, लॅपटॉप, स्पीकर, सगळ्यांना एकच औषध. दुकानदारालाही तेच परवडतं. चार मीटर लांबीची महागडी 'ऑक्सिजन-फ्री' केबल घ्या म्हणतात. घरातल्या वायरिंगची दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर जाऊन-येऊन आठ मीटर धरली तरी रेझिस्टन्स होतो जेमतेम ०.१ ओम! आठ ओमपुढे तो कुणाच्या कानाला ऐकू येणार?

याचा अर्थ जुनं ते सोनं असा नाही. आजोबांच्या स्पीकरपेक्षा आजचे चांगले छोटे स्पीकर अनेक बाबतींत सरस आहेत, हे कबूल. ज्याचा वूफर फाटला, कॉइल जळाली, खोक्याचा भुसा झाला, तो सोडून द्यावा. पण सोडण्याआधी का सोडतोय हे माहीत असावं, एवढंच. १९२५ साली राइस आणि केलॉग यांनी जो कोन आणि कॉइलचा स्पीकर मांडला, तीच रचना शंभर वर्षांनंतरही आपल्या बहुतेक स्पीकरमध्ये आहे. म्हणजे हे समजून घेणं काही रॉकेट उडवण्याएवढं कठीण नाही.

२०२२ साली केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टलही काढलं. चांगलंच झालं. पण हक्क मिळाला आणि हात चालले नाहीत तर काय उपयोग? आपल्या लॅबमध्ये एलसीआर मीटर आहे, फंक्शन जनरेटर आहे, ऑसिलोस्कोप आहे, आणि ते सगळं सबमिशनच्या आठवड्यात एकदाच हलतं. माझी एक सूचना आहे. महिन्यातून एक शनिवार लॅब उघडी ठेवा. प्रत्येकानं घरातली एक बंद पडलेली वस्तू आणायची आणि दोष शोधायचा. दुरुस्त झाली नाही तरी चालेल, दोष कुठे आहे हे सांगता आलं पाहिजे. आणि नाशिकरोडच्या काकांना गेस्ट लेक्चरला बोलवा, शाल-श्रीफळ देऊन.

शेवट सांगते. सगळं जोडून झाल्यावर आजोबांना मधल्या खुर्चीत बसवलं आणि फुलदाणी उचलून रेकॉर्ड लावली. खरं सांगायचं तर नव्या कपॅसिटरचा फायदा त्यांना फारसा झाला नसेल, या वयात वरच्या फ्रिक्वेन्सी कमीच ऐकू येतात. तो माझ्या कानांसाठी झाला. पण वायर सरळ झाल्याचा फायदा त्यांचा होता. अर्धं गाणं होईपर्यंत काही बोलले नाहीत. मग समोरच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवून म्हणाले, "आला बाहेर."

आणि मग माझ्याकडे वळून, "मी सांगत होतो ना?"

सहा वर्षं सांगत होते. पहिली पायरी 'आधी ऐकायचं' ही होती, आणि ती स्पीकरच्याही आधी घरातल्या माणसाला लागू होती.