दोन राउटरांची सोयरीक
बीड जिल्ह्यातील जुन्या माळवदी घरांच्या जाड भिंतींपलीकडे वायफाय क्षीण होते. म्हणून माणसे दुसरा राउटर आणून ‘मेश’ जाळे उभारू पाहतात. परंतु एका कंपनीच्या राउटरची दुसरीच्या राउटराशी सोयरीक सहसा जुळत नाही. ही तांत्रिक अपरिहार्यता नव्हे, बाजारी हिशेब आहे. ‘इझीमेश’ हे सामाईक मानक २०१८ सालीच आले. तरीही अनेक कंपन्यांनी आपापले कुंपण राखले आहे. ग्राहक एकदा आत शिरला, की पुढची प्रत्येक खरेदी त्याच दारात! तूर्त एकाच मेश-प्रणालीचे राउटर घ्यावेत (नाममुद्रा एक असूनही प्रणाली भिन्न असू शकते), अथवा मधून तार ओढावी. मग दुसरा राउटर कोणत्याही कंपनीचा असला तरी बहुधा चालतो. जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी होणाऱ्या खरेदीत मात्र निविदेतच सामाईक मानकाची अट असावी, ही मागणी आपल्या कार्यकर्त्यांनी लावून धरली पाहिजे.