लसीचा जमाखर्च

टिळकवाडीचे व्हॅक्सिन डेपो मैदान आपल्याला महामेळाव्यामुळे परिचित आहे. त्या नावामागची हकीकत मात्र घरातील वडीलधाऱ्यांना विचारावी. तिथे पूर्वी देवीची लस तयार होत असे. जुन्या पिढीच्या दंडावरचा वण ही त्या लसीची पावती! भारतातून १९७५ साली देवी हद्दपार झाली, १९८० साली जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले आणि लस टोचण्याचा खर्चही कायमचा थांबला.

कोरोनाच्या लसीबद्दल मात्र आपल्याच बैठकांत वेगळा सूर ऐकू येतो. ‘लस घेऊनही कोरोना झालाच, मग एवढे कोट्यवधी कशाला घातले?’ आमचे निम्मे आयुष्य बँकेच्या काउंटरवर गेले. तेव्हा उत्तर हिशेबानेच देतो.

आधी खर्चाची बाजू. २०२१ साली केंद्र सरकारला कोविशील्डचा एक डोस करासह सुमारे २१५ रुपयांना पडत होता. दोन डोसांचे ४३० झाले. खासगी रुग्णालयांना टोचणावळ जास्तीत जास्त १५० रुपये घेण्याची मुभा होती. तोच दर धरला तर माणशी ७३० रुपये.

आता दुसरी बाजू. २०२० साली कर्नाटक सरकारने खासगी रुग्णालयांसाठी ठरवून दिलेली कमाल मर्यादा रोखीने पैसे भरणाऱ्या रुग्णाला व्हेंटिलेटरसह दिवसाला २५ हजार रुपये होती. दहा दिवसांचे अडीच लाख. एवढ्या रकमेत ३४२ माणसांचे लसीकरण होते. म्हणजे ३४२ जणांत एकाची जरी ही पाळी टळली, तरी मुद्दल वसूल!

लसीने लागण पूर्ण थांबली नाही, हे खरे. देवीसारखा हा रोग हद्दपारही झाला नाही. पण लसीचे मुख्य काम मरण आणि रुग्णालय टाळण्याचे होते. पहिल्या वर्षभरात भारतात सुमारे ४२ लाख मृत्यू लसीमुळे टळले, असा लंडनच्या इंपिरियल कॉलेजच्या संशोधकांचा अंदाज आहे. हा लाभ सर्वांना सारखा नव्हता. विशीतल्या तरुणापेक्षा सत्तरीच्या आजोबांना दिलेला डोस कितीतरी अधिक फळला. म्हणूनच १ मार्च २०२१ पासून साठीच्या पुढच्यांना आधी लस देणे हिशेबालाही धरून होते.

मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली मुदत ठेव मुदतीआधी मोडताना, पाटल्या सोनेतारणासाठी पुढे करताना आम्ही माणसे पाहिली आहेत. त्यांच्या घरचा हा तोटा कोणत्याच सरकारी ताळेबंदात दिसत नाही.

आपल्या सीमाभागाला तर दुहेरी भुर्दंड बसला. निपाणीकरांचा दवाखाना, बाजार आणि सोयरीक कोल्हापूरशी. पण २०२१ च्या ऑगस्टमध्ये दोन्ही डोस घेतलेल्यांनाही महाराष्ट्रातून येताना आरटीपीसीआर अहवाल सक्तीचा होता आणि कोगनोळी नाक्यावर गाड्या अडत होत्या. लसीवर खर्च करायचा आणि लस घेतलेल्यालाच अडवायचे, हा कुठला व्यवहार? नोंदणीचे कोविन संकेतस्थळही मराठीत आले ते जून २०२१ मध्ये. तोवर आपल्या म्हाताऱ्या माणसांनी नातवंडांच्या तोंडाकडे पाहायचे!

पुढची साथ कधी येईल, सांगता येत नाही. पण तयारी आजच करता येईल. ज्या तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून अधिक आहेत, तिथे सूचना त्यांच्या भाषेत देण्याची तरतूद आहे. लसीकरणाची सूचना मराठीत मिळणे हा आपला हक्क आहे आणि तो प्रशासनाकडे लेखी मागावा. गल्लीगल्लीतील युवक मंडळांनी साठीपुढील व्यक्तींची यादी आताच करून ठेवावी. त्यासाठी एक वही आणि एक रविवार पुरे. यादी तयार असेल, तर पहिला डोस योग्य दंडापर्यंत वेळेत पोहोचेल.